शेठ, भाव टाकायचा का?

नवी मुंबईच्या प्रत्येक सेक्टरात एक ग्रिलवाले शेठ असतातच. सिडकोने घर दिलं, घराला खिडकीही दिली; पण त्या खिडकीतून दीड फूट बाहेर काढून तुळस, जुने पाट, मोडकी सायकल आणि वेळ पडल्यास एखादा भाचा मावेल अशी जागा करून देणारा माणूस सिडकोच्या नकाशात नव्हता. ती उणीव शेठनी भरून काढली. आमच्या शेठचा गाळा कोपरखैरण्यात, वर्कशॉप रबाळ्याला. कानामागे पेन्सिल, खिशात मेजर टेप. धंदा झकास. तरी गेल्या दसऱ्यापासून शेठना अन्न गोड लागत नाही, कारण समोरच्या मॉड्युलर किचनवाल्याच्या पाटीवर फोन नंबराच्या खाली तीन डब्ल्यू उगवले आहेत.

या जातीच्या शेठना वेबसाइट गिऱ्हाइकासाठी नको असते, समोरच्यासाठी हवी असते, हे एकदा ध्यानात घेतलं की पुढचं सगळं सरळ कळतं.

वेबसाइट करणार कोण, हा प्रश्न मराठी धंद्यात पडत नाही. भाचा करतो. तो इंजिनीअरिंगला असतो, म्हणजे त्याला कॉम्प्युटरमधलं सगळं येतं असा घरात समज असतो. मोबदला म्हणून मामीच्या हातचं मटण.

पहिली लढाई नावावर झाली. गाळ्याच्या पाटीवरच्या नावात कुलदैवत, वडील, धाकटी मुलगी आणि एंटरप्रायझेस असे चौघे एकत्र नांदतात. शिवाय कुणा ज्योतिषाच्या सांगण्यावरून इंग्रजी स्पेलिंगात एक जादा ‘ए’ आहे. “मामा, पत्ता छोटा ठेवू,” भाचा म्हणाला. “मग कुणाला काढू? देवीला?” शेठनी विचारलं. यावर इंजिनीअरिंगमध्ये उत्तर नाही. २०१४पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ असाही पत्ता मिळतो हे कळल्यावर शेठ हरखले, पण पाम बीच रोडवरचे शर्माजी तो टाइप कसा करणार, या शंकेनं तेही बारगळलं. शेवटी पूर्ण नाव घेतलं. व्हिजिटिंग कार्डावर ते दोन ओळींत बसतं.

डोमेन कायमचं विकत मिळत नाही, ठरावीक वर्षांपुरतंच घ्यायचं आणि मुदत संपली की पुन्हा पैसे भरायचे, हे मामांना कसं पटवावं याची भाच्याला धास्ती होती. पण ज्या शहरात पायाखालची जमीनच सिडकोच्या साठ वर्षांच्या लीजवर आहे, तिथे हे समजावत बसावं लागत नाही. शेठ ताडकन म्हणाले, “म्हणजे सिडकोच की रे! ट्रान्सफर चार्जेस किती? आणि फ्रीहोल्ड कधी करणार?”

मग मजकूर. मासिकात लिहितो म्हणून तो माझ्या गळ्यात आला. ‘आमच्याविषयी’ या पानासाठी शेठना बोलतं केलं, तर माणूस खुलला. वडील माथाडी. मशीद बंदरला पाठीवर गोणी वाहिल्या, बाजार तुर्भ्याला आला तसे तेही खाडी ओलांडून आले. माथाडी नेते अण्णासाहेब पाटलांचं नाव निघालं की अखेरपर्यंत हात जोडायचे. शेठ स्वतः एमआयडीसीत वेल्डर. कंपनीला टाळं लागलं आणि त्याच सुमारास बहीण बाळंतपणाला आली. बाळ रांगायला लागलं ते थेट खिडकीकडे. शेठनी भंगारातून सळया आणल्या, उसनं मशीन आणलं आणि रात्रीत ग्रिल ठोकली. सकाळी शेजारीण म्हणाली, आमच्याकडेही लावा की. ते बाळ म्हणजे आज समोर लॅपटॉप घेऊन बसलेला हा भाचा.

मी म्हटलं, “शेठ, झालं. हेच लिहू.”

“काय राव!” शेठ दचकलेच. “हे घरातलं आहे. तिथं ‘लीडिंग मॅन्युफॅक्चरर’ टाका. ‘वन स्टॉप सोल्युशन’ टाका. समोरच्यानं टाकलंय.”

आमचं एकमत होईना, तेव्हा पान आहे तसंच राहिलं. आहे तसं म्हणजे, डिझाइन कसं दिसतं ते बघायला भरताड म्हणून टाकतात त्या ‘लोरेम इप्सम’ मजकुरासकट. मूळ मजकूर इसवी सन पूर्व ४५ मधला, रोमच्या सिसेरोचा. पुढे कुणीतरी त्या लॅटिनची खांडोळी केली. शेठनी चष्मा लावून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. “इंग्रजी भारी आहे, ऱ्हाऊ दे.” संपर्काच्या पानावर हेडसेट लावून हसणारी एक गोरी बाई आली, तिच्याबद्दल मात्र शेठाणींनी सविस्तर चौकशी केली. आता तिथं शेठचा गंध लावलेला फोटो आहे.

खरी गाडी अडली ती भावांच्या पानावर. भाच्यानं नीट तक्ता आखला होता: साधं लोखंड, ३०४ स्टील, २०२ स्टील, पाइपचं गेज, पावडर कोटिंग, चौरस फुटाचा दर. “मामा, भाव टाकू का?” शेठनी त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू त्यानं तिजोरीची किल्ली दारात टांगायला काढली. शेठचा भाव तक्त्यात नसतोच. आधी सोसायटीचं नाव ऐकायचं, मग मजला, मग लिफ्टमध्ये आरसा आहे का ते बघायचं, घरात गेल्यावर पाणी कोण आणून देतं ते पाहायचं. आकडा त्यानंतर येतो. टॉवरला एक, माथाडी वसाहतीतल्या म्हातारीला दुसरा, आणि तिला परत हप्त्यानं. ही सगळी विद्या एका रकान्यात कशी मावायची? तिथं आता ‘भावासाठी फोन करा’ एवढंच आहे, आणि माझ्या मते सगळ्या वेबसाइटवर तेवढंच एक वाक्य खरं आहे.

उद्घाटन पाडव्याला झालं. शेठनी लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला (लॅपटॉपपासून लांब), समोरच्याला मुद्दाम पेढा दिला. मोठ्या स्क्रीनवर साइट उघडली, आणि पत्त्याच्या शेजारी ब्राउझरनं शेरा मारला: ‘सुरक्षित नाही’. कुलूपवालं सर्टिफिकेट नसलेल्या साइटला क्रोम २०१८पासून असंच म्हणतो आणि भाचा नेमकं तेच विसरला होता. पण सेफ्टी डोअर विकण्यात हयात गेलेल्या माणसाला हे कोण सांगणार? “आमच्या दारावर येऊन असं लिहिणारा हा गूगल कोण?” शेठ कडाडले. किचनवाल्यानं दुसरा पेढा घेतला.

सर्टिफिकेट त्याच रात्री फुकटात बसलं. मग आठवडाभर फोन वाजला नाही. वाजला तेव्हा मी गाळ्यातच होतो. शेठनी स्पीकर लावला.

“सर, आपली वेबसाइट बघितली. आम्ही ती गूगलच्या पहिल्या पानावर आणून देतो. मंथली पॅकेज आहे.”

मी मान हलवली, ठेवा म्हणून. शेठ ठेवायला तयार नव्हते.

“मराठी दिसताय. बोलताय कुठनं?”

“घणसोली, सर.”

“अरे वा! घर स्वतःचं?”

“हो, मागच्याच वर्षी घेतलं. तर सर, आपलं पॅकेज...”

“कितवा मजला?”

“दुसरा.”

“घरात ल्हान पोरगं?”

पलीकडे जरा शांतता. “दीड वर्षाचं आहे.”

“आणि खिडकीला ग्रिल?”

शेठनी कानामागची पेन्सिल काढली, पुठ्ठा ओढला आणि सोसायटीचं नाव विचारलं.