आसनाधिकारी

दुसऱ्याच्या घरात नवी वस्तू आली की तिच्या मांडणीची जबाबदारी आपल्याच शिरावर येऊन पडली आहे, अशी प्रामाणिक समजूत असणाऱ्या परोपकारी गृहस्थांची परंपरा आपल्याकडे फार जुनी आहे. पूर्वी हे गृहस्थ देव्हाऱ्याचे तोंड कोणत्या दिशेला असावे, झोपाळ्याच्या कड्या कोणत्या तुळईला अडकवाव्यात आणि रेडिओची एरियल कौलांवरून कशी न्यावी याचे निवाडे देत असत. पुढे दूरचित्रवाणीच्या अँटेनाने त्यांना गच्चीवर चढविले. आणि २०२० सालच्या मार्च महिन्यात टाळेबंदी पुकारली जाऊन कचेऱ्याच्या कचेऱ्या जेव्हा लोकांच्या दिवाणखान्यांत, शयनगृहांत आणि प्रसंगी न्हाणीघराबाहेरच्या बोळकांडीत मुक्कामाला आल्या, तेव्हा या परंपरेतून जो नवा अंमलदार निपजला, त्याला मी आसनाधिकारी म्हणतो. त्याची नेमणूक कोणी केलेली नसते, त्याला वेतन नसते, आणि त्याची बदली होण्याचीही सोय नसते.

आमच्या कोथरुडच्या सोसायटीत हे पद अण्णा भूषवितात. पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त होताना त्यांनी आपला कार्यभार यथाविधी सुपूर्द केला खरा. पण टेप, गुण्या, ओळंबा आणि पाणसळ ही चार हत्यारे स्वतःच्या मालकीची असल्यामुळे त्यांच्यासोबत घरी आली, आणि कालव्याच्या भिंती हातच्या गेल्यावर ती माणसांच्या पाठींकडे वळली. कोणी पलंगावर पालथा पडून, कोणी सोफ्यात कमरेपर्यंत रुतून, तर कोणी इस्त्रीच्या टेबलापाशी एका पायावर भार देऊन कंपनीची सेवा करीत आहे, हे दृश्य जिन्यातून जाता-येता पाहिल्यावर ज्या माणसाने उभ्या आयुष्यात वाकडी भिंत मंजूर केली नाही, त्याला स्वस्थ कसे बसवणार?

कुरिअरवाल्याने रखवालदाराच्या खोलीत लॅपटॉपचे खोके ठेवल्याची वर्दी अण्णांना मालकाच्या आधी लागते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दाराची घंटा वाजते. "नवीन यंत्र घेतलंस म्हणे. बैस पाहू त्याच्यापुढे. मी आलोय म्हणून ताठ बसू नकोस, एरवी बसतोस तसा बैस." तिसऱ्या मजल्यावरील एका तरुण संगणक अभियंत्याची अशी मोजणी चालू असताना मी तेथे हजर होतो. अण्णांनी त्याच्या कानाच्या पाळीपाशी ओळंब्याची दोरी धरली. कान आणि खांदा एका उभ्या रेषेत असावेत हा नियम. परंतु पितळेचे ते वजन हेलकावे घेत घेत स्थिरावले ते खांद्यापुढे चांगले चार इंच, सदऱ्याच्या खिशासमोर. अण्णांनी चष्म्याच्या खालच्या भिंगातून ते अंतर टेपने मोजले, वहीत लिहिले आणि अत्यंत शांत स्वरात म्हणाले, "भिंत असती तर पाडायला लावली असती." मुलाच्या आईने घाबरून चहा पुढे केला.

ही वही म्हणजे सोसायटीचे अनधिकृत दप्तरच होय. तिच्यात नाव, मजला, कोपराचा कोन, मानेचा ओळंबा आणि शेरा असे रकाने आखलेले आहेत. कोपराचा कोन गुण्याने तपासला जातो. तो काटकोन किंवा त्याहून किंचित मोठा असेल तर "ठीक", लहान असेल तर "दुरुस्ती आवश्यक". तयार मिळणारी टेबले बहुधा पाऊण मीटर उंचीची असतात, आणि बेताच्या उंचीच्या माणसाने कोपर टेबलाच्या पातळीला आणण्यासाठी खुर्ची वर घेतली की त्याचे पाय अधांतरी लोंबतात. तेव्हा पंगती बंद पडल्यापासून माळ्यावर धूळ खात पडलेला पाट खाली काढून पायांखाली देण्याचा हुकूम होतो. पावले टेकलेली, पाठीला आधार, मनगटे सरळ आणि पडदा हातभर अंतरावर, अशी ही कलमे आहेत, आणि त्यांतील एकाही कलमाला वैद्यकशास्त्र हरकत घेणार नाही, हे मला प्रांजळपणे नमूद केले पाहिजे.

मुळात लॅपटॉप हे यंत्र जन्मतःच सदोष आहे, असे अण्णांचे मत आहे, आणि तेही निराधार नाही. पडदा आणि कळफलक एकाच बिजागरीने जखडलेले असल्यामुळे हातांचे सुख पाहावे तर मान वाकते, आणि मानेचे पाहावे तर खांदे वर चढतात. अण्णा या दोघांकडे एका घरात कोंडलेल्या भावांकडे पाहावे तसे पाहतात, आणि त्यांची वाटणी करून दिल्याखेरीज कोणाच्याच जिवाला स्वास्थ्य लाभणार नाही, असा त्यांचा कायमचा फैसला आहे: वरचा मजला पडद्याला, तळमजला कळफलकाला. लॅपटॉप उंच ठेवावा, आणि टंकलेखनासाठी वेगळा कीबोर्ड व वेगळा माऊस टेबलावर घ्यावा. बिल मॉग्रिज नावाच्या ब्रिटिश अभिकल्पकाने रेखाटलेला, १९८२ साली बाजारात आलेला आणि मिटता येणाऱ्या धाटणीचा पहिला मानला जाणारा ग्रिड कंपास हा लॅपटॉप अमेरिकेच्या अंतराळयानातूनही प्रवास करून आला, ही माहिती एका मुलाने मोठ्या अभिमानाने सांगितली, तेव्हा अण्णा उत्तरले, "अंतराळात डोक्याला वजन नसतं, म्हणून तिथं कुणाची मान दुखली नाही. कोथरुडात असतं." ते किती असते याचा आकडा वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटविलेलाच आहे. मान सरळ असता सुमारे पाच किलो भरणाऱ्या डोक्याचा भार मान साठ अंशांनी पुढे झुकली की सत्तावीस किलोंवर जातो, असा हिशेब न्यूयॉर्कचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ साली मांडला होता. "एवढं ओझं," अण्णा म्हणतात, "मी धरणावर मजुराच्याही डोक्यावर दिलं नाही."

लॅपटॉप उंच करण्यासाठी बाजारात स्टँड मिळतात, हे अण्णांना ठाऊक आहे; पण घरात मोल्सवर्थचा कोश असताना स्टँडवर पैसे घालणे ही त्यांना निव्वळ उधळपट्टी वाटते. या कोशाची दुसरी आवृत्ती मुंबईत निघाली ती १८५७ साली, आणि काम व शरीर यांचा मेळ घालणाऱ्या शास्त्राची पहिली मांडणी वोइचेख यास्त्शेंबॉव्स्की या पोलिश निसर्गशास्त्रज्ञाने केली तीही त्याच साली, हा योगायोग मी त्यांच्या कानी घातला, तेव्हा "म्हणजे योग्य जागीच ठेवलाय," एवढेच ते समाधानाने म्हणाले. तेव्हापासून सोसायटीतील ज्या ज्या घरात मोल्सवर्थ आहे, तेथे तो उघडण्यासाठी आधी लॅपटॉप उचलावा लागतो, आणि त्यामुळे शब्दांच्या अर्थांवरून जुंपणारे वाद बहुतेक घरांत अनिर्णित अवस्थेत पडून आहेत.

डोळ्यांच्या बाबतीत मात्र अण्णांच्या कारभाराने एकदा तंटा उभा केला. खिडकी पाठीमागे असेल तर पडद्यावर चकाकी येते आणि समोर असेल तर डोळे दिपतात, म्हणून ती बाजूला असावी, येथवर सारे सुरळीत होते. परंतु पडद्याकडे पाहताना पापण्या एरवीपेक्षा कमी मिटतात व डोळे कोरडे पडतात, यासाठी दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरील वस्तूकडे वीस सेकंद पाहावे, हा नेत्रवैद्यांचा उपदेश अण्णांनी अक्षरशः अंमलात आणविला. आणि दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात वीस फुटांची सलग रेषा कोठेच निघत नसल्यामुळे त्यांनी टेपने मोजून जी वस्तू मुक्रर केली, ती निघाली समोरच्या इमारतीतील दुसऱ्या मजल्याची गॅलरी. चार चार तरुण दर वीस मिनिटांनी आपल्या गॅलरीकडे एकटक पाहतात, असा लेखी अर्ज त्या बिऱ्हाडकरूंनी आमच्या सेक्रेटरींकडे गुदरला. सुनावणी झाली. अण्णांनी टेप आणि वही पुराव्यादाखल हजर केली, आणि अखेर दृष्टी दोन अंश डावीकडे वळवून नारळाच्या झाडावर ठेवण्याच्या अटीवर प्रकरण निकालात निघाले.

विजेच्या प्रकरणी मात्र ते थट्टा खपवून घेत नाहीत, आणि घेऊही नये. तीन पिनांच्या प्लगमधील जाड पिन म्हणजे अर्थिंग. ती मोडून किंवा दोन पिनांचा जोड लावून चार्जर चालविणाऱ्याला लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर हात ठेवताच ज्या सूक्ष्म झिणझिण्या येतात, त्या म्हणजे अण्णांच्या मते यंत्राने दिलेली तोंडी ताकीद होय. रजई-दुलईवर लॅपटॉप ठेवला की त्याच्या पोटाखालील हवेच्या फटी बुजतात आणि तो तापतो. महिनोन्महिने मांडीवर घेऊन बसले तर त्या सततच्या उष्णतेने कातडीवर जाळीदार तांबूस डाग उठू शकतात, आणि असे डाग शेकोटीला चिकटून बसणाऱ्यांच्या अंगावर वैद्यांनी फार पूर्वीच पाहून ठेवलेले आहेत.

याच संदर्भात अण्णांच्या कारकिर्दीतील सर्वोच्च विजयाची नोंद केली पाहिजे. तळमजल्यावरील एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा लॅपटॉप टेबलावर किंचित डुगडुगत असे, आणि टेबलाच्या पायाखाली घडी घातलेला कागद देऊन त्यांनी तो विषय मिटविलेला होता. अण्णांनी पाणसळ प्रथम टेबलावर ठेवली, तो बुडबुडा नेमका मध्यभागी. मग ती मिटलेल्या लॅपटॉपवर ठेवली, तो बुडबुडा सरकत एका कडेला जाऊन बसला. "बाई, टेबल निर्दोष आहे. यंत्राचं पोट फुगलंय." उघडून पाहिले तर बोटाने सरकवायची पट्टीही मध्यभागी उचललेली होती. लिथियमची बॅटरी फुगली की ती दाबू नये, टोचू नये, चार्जिंगला लावू नये, तशीच घंटागाडीतही टाकू नये, कारण तिला आग लागू शकते, हे सर्व बाईंना समजावून त्यांनी ते यंत्र स्वतः दुरुस्ती केंद्रात पोहोचते केले. त्या दिवसापासून ज्यांनी अण्णांची टवाळी केली होती, तेही आपापले लॅपटॉप पाणसळीखाली ठेवून घेऊ लागले.

इतके सारे असूनही अण्णांची स्वतःची मान दुखते. त्यांची बैठक पाहावी तर पुस्तकातील आकृतीप्रमाणे: खुर्ची मापात, पाट मापात, मोल्सवर्थवर लॅपटॉप आणि पडद्याची वरची कड बरोबर डोळ्यांच्या पातळीला. परंतु पडद्याच्या उंचीचा हा नियम साध्या नजरेच्या माणसासाठी आहे. अण्णांचा चष्मा दुहेरी भिंगाचा. जवळचे वाचायचे तर खालचे भिंग पडद्यावर आणावे लागते, आणि त्यासाठी हनुवटी आढ्याकडे उचलून धरावी लागते. अशा चष्म्याच्या माणसाने पडदा खाली घ्यावा, हे त्यांना कळत नाही असे नाही. पण एकदा वहीत लिहिलेले माप खोडणे त्यांच्या खात्याच्या शिरस्त्यात बसत नाही. शिवाय हललो तर इतक्या मेहनतीने जुळविलेला कोन बिघडेल, या धास्तीने ते सकाळच्या चहापासून जेवणाचे पान मांडले जाईपर्यंत त्याच अवस्थेत राहून सोसायटीचा आसनविषयक वार्षिक अहवाल टंकीत असतात.

उलटपक्षी, त्यांच्या सौभाग्यवती, ज्यांना आम्ही सारे काकू म्हणतो, आपला जुना लॅपटॉप जेवणघरातील ओट्याच्या कडेला, मोरीपासून दूर, मिळेल त्या स्टुलावर बसून किंवा उभ्यानेच चालवितात. भजनी मंडळाचा जमाखर्च आणि न्यू जर्सीतील लेकीशी समोरासमोर बोलणे, ही दोन्ही खाती तेथूनच चालतात. वहीत त्यांच्या नावापुढे "आसन नाही. आधार नाही. प्रकाश प्रतिकूल." असा शेरा आहे. मात्र कुकरची शिटी झाली की त्या उठतात, दूध वर आले की उठतात, दारावर भाजीवाला आला की उठतात, आणि गॅलरीतील वाळत घातलेले कपडे काढायला उठतात. कोणत्याही एका स्थितीत त्या अर्धा तास टिकल्याचे कोणी पाहिलेले नाही, आणि त्यांची मान दुखल्याचे कोणी ऐकलेले नाही. दुपारी अण्णांच्या मानेला महानारायण तेल चोळताना त्या एकदा म्हणाल्या, "अहो, तुमचं मोजमाप सगळं बरोबर आहे हो, पण मधूनमधून उठावं की नाही माणसानं? कुकरला जेवढं कळतं तेवढंही तुमच्या त्या टेपला कळत नाही." अण्णांनी यावर काहीच शेरा मारला नाही.

माझ्या मते काकूंनी वहीतील एकही कलम खोडले नाही. त्यांनी फक्त राहिलेले कलम भरले. आसन कितीही निर्दोष असले, तरी ते फार वेळ धरून ठेवले की स्नायू अवघडतात आणि त्यांतील रक्ताचा प्रवाह मंदावतो. शरीराला मापापेक्षा हालचालीची गरज अधिक असते. तेव्हा आपल्या इमारतीत असा आसनाधिकारी असेल तर त्याला आदराने घरी बोलवावे, चहा पाजावा, ओळंबा लावू द्यावा आणि तो सांगेल ते निमूटपणे करावे. साधा कीबोर्ड आणि माऊस मिळून हजार रुपयांच्या आत येतात, ते या आठवड्यातच आणावेत. आणि तो गेल्यावर दर अर्ध्या तासाने, काही काम असो वा नसो, खुर्चीवरून उठावे.