नियमाप्रमाणे बंद

आमच्या घरचं नेट बंद असतं तेव्हा ते नियमाप्रमाणे बंद असतं, हे आधी नमूद करतो. केबलवाल्याच्या साध्या राऊटरवर भागवणाऱ्यांना हे भाग्य नाही. त्यांचं नेट उगाच जातं आणि उगाच येतं.

आमच्याकडे मुक्तस्रोत फायरवॉल आहे. तो फुकट मिळतो आणि त्याचा कोड कुणालाही वाचता येतो. आमच्या घरी तो अजून कुणी वाचायला मागितलेला नाही. पीएफसेन्स 2004 साली सुरू झाला, 2015 मध्ये त्यातून ओपनसेन्स फुटून निघाला. त्यांतला एक जुन्या डेस्कटॉपवर बसवलाय. कोणता ते सांगत नाही, कारण तक्रार त्याच्याविषयी नाही. तो चुकत नाही, एवढंच दुखणं आहे.

वाशिमात वळवाचे चार थेंब पडले की लाईन जाते. लाईन आली की डेस्कटॉप उठतो आणि त्याच्या मते आज 1 जानेवारी 2012 असते, कारण मदरबोर्डवरचा सेल संपलेला असतो. माणूस असता तर कॅलेंडर बघून सावरला असता. पण फायरवॉलमधला डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारा, प्रत्येक उत्तरावरची डिजिटल सही तपासतो; त्या व्यवस्थेला डीएनएसएसईसी म्हणतात. सहीला मुदत असते. 2012 मध्ये बसलेल्या यंत्राला या सगळ्या सह्या पुढच्या तारखेच्या दिसतात आणि ते त्या बाणेदारपणे नाकारतं. घड्याळ लावायचं तर टाइम सर्व्हर हवा. टाइम सर्व्हर नावाने नोंदलेला आहे. नाव शोधायला डीएनएस हवा, आणि डीएनएसला आधी घड्याळ बरोबर हवं.

केबलवाल्याला फोन केला.

“भाऊ, एकडाव बंद करून चालू करा.”

केलं. 1 जानेवारी.

“मंग तुमच्याच डब्ब्यात लोचा हाय.”

त्याचं निदान अचूक होतं, त्यामुळे भांडताही आलं नाही.

सीआर 2032 सेल पाटणी चौकाजवळ घड्याळाच्या दुकानात मिळाला. “कोणत्या घड्याळाचा?” दुकानदाराने विचारलं. “फायरवॉलच्या,” मी म्हणालो. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढे काही न विचारता सेल कागदात गुंडाळून दिला.

आता हा पहारा कुणाविरुद्ध, तेही सांगतो. आम्हाला कंपनीकडून मिळालेला पत्ता 100.64 ने सुरू होतो. आयपीव्ही4 चे पत्ते संपत आले म्हणून 2012 मध्ये हा पट्टा खास राखून ठेवला गेला. एका सार्वजनिक पत्त्यामागे कितीतरी ग्राहक बसवायचे, अशी ती सोय. परिणामी बाहेरचा कुणी आपणहून आमच्यापर्यंत पोचूच शकत नाही. वाड्याचा दिंडी दरवाजा कंपनीने केव्हाच लावलाय आणि मी आतल्या देवघराबाहेर हत्यारी पहारेकरी उभा केलाय. बाहेरगावाहून घरचा कॅमेरा बघायला मलाही आत येता येत नाही, म्हणजे बंदोबस्त चोख आहे.

तरी लॉग लाल ओळींनी भरलेला असतो. त्यातला मुख्य संशयित आमचा टीव्ही. घरातल्या प्रत्येक उपकरणाने घरच्याच डीएनएसला विचारावं, असा नियम आहे. टीव्ही तो न जुमानता परस्पर गुगलच्या डीएनएसला, 8.8.8.8 ला, विचारायला जातो. फायरवॉल अडवतो. टीव्ही पुन्हा जातो. फायरवॉल पुन्हा अडवतो आणि वेळेसकट नोंद करतो. सेल नवा असल्यामुळे वेळ अगदी बरोबर असते.

या काळात टीव्हीवर ‘इंटरनेट उपलब्ध नाही’ असं येतं आणि आईचं कीर्तन ऐन आख्यानात थांबतं. मी तिला लॉग दाखवला, नियम वरून खाली कसे वाचले जातात आणि पहिला जुळला की विषय कसा संपतो, हेही समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. हल्ली ती संध्याकाळी मोबाईल घेऊन शेजारच्या काकूंकडे जाते. त्यांच्याकडे केबलवाल्याचाच राऊटर आहे, पासवर्ड भिंतीवर खडूने लिहिलेला आहे, आणि कीर्तन शेवटपर्यंत चालतं.