दारी झुलणारा हत्ती

पती : सर्व बाजूंचा साकल्याने विचार करून मी या निर्णयाप्रत आलो आहे की, आपल्या कुटुंबाने आता स्कूटरचा नाद सोडावा आणि पेठेतल्या बोळांतूनही सहज निघेल असा एक लहानसा, परवडणारा पिकअप रोजच्या वापरासाठी खरेदी करावा.

पत्नी : म्हणजे छोटा हत्ती.

पती : टाटांची एस २००५ साली रस्त्यावर आली, आणि लोकांनी तिचे ते बारसे केले, त्याला माझा इलाज नाही. मी म्हणतो ती एस प्रो. २०२५च्या जूनमध्ये ती आली तेव्हा तिची किंमत ३ लाख ९९ हजार होती. चार लाखांतून हजार रुपये शिल्लक!

पत्नी : ते माहुताला होतील.

पती : थट्टा बाजूला ठेव. ७५० किलो माल वाहून नेते ती.

पत्नी : काल मंडईतून आपण मेथीची एक जुडी आणि छटाकभर आले आणलेत, आणि लिंबे विसरलात म्हणून मी पुन्हा गेले. उरलेल्या सातशे एकोणपन्नास किलोंची तजवीज काय?

पती : आंब्याच्या पेट्या आहेत, गणपती आहे, गादी पिंजायला न्यायची असते. शिवाय आईला पंढरपूरला नेता येईल.

पत्नी : आईंना बसवणार कुठे?

पती : हौद्यात सतरंजी अंथरून—

पत्नी : हत्तीवरचा हौदा माणसांसाठी असतो, आपल्या हत्तीच्या हौद्यात माणसाने बसायचे नाही, असा सरकारी नियम आहे. कांद्याची पंधरा पोती पंढरपूरला सन्मानाने जातील, पण त्यांच्यामागे टाळ घेऊन आपल्या मातोश्री बसल्या की दंडाची पावती फाटेल.

पती : मग आई पुढे बसेल.

पत्नी : पुढे जागा दोन. एक आपली, एक आईंची. माझ्या नावाची बिल्टी करा आणि ‘नाशवंत माल’ असा शेरा मारा.

पती : तू मुद्दाम विपर्यास करतेस. एकूण वजन तीन हजार किलोंच्या आत असल्याने या गाडीला परमिट लागत नाही. आणि माझे मोटारीचे लायसन्स तिला चालते, हा निकाल २०२४ साली खुद्द सर्वोच्च न्यायालयाने दिलेला आहे.

पत्नी : न्यायालयाने परवानगी दिली, सोसायटीच्या सेक्रेटरींची कोण आणणार? पिवळ्या पाटीवर काळे आकडे दिसले, की ते जिन्यातच विचारतील, ‘काय हो, हडपसरचे भाडे माराल का?’ शिवाय पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी, आणि पुढे दरसाल, हत्तीला पासिंगला न्यायचे. आपल्या स्वतःच्या रक्तदाबाची तपासणी कधी झाली होती?

पती : पांढऱ्या पाटीचा, पाच माणसे बसतील असा पिकअपही मिळतो. टोयोटाचा हायलक्स.

पत्नी : किंमत?

पती : पंचवीस लाखांच्या वर. म्हणून तर मी परवडणारा म्हणालो.

पत्नी : आंब्याच्या पेट्या एकदा, गणपती दोनदा, गादी दोन वर्षांतून एकदा. त्या दिवशी कोपऱ्यावरचा हत्ती भाड्याने बोलवावा. तो संध्याकाळी आपला आपण घरी जातो.

पती : (वर्तमानपत्राची घडी घालीत) भाड्याचेच म्हणत असशील, तर तुझ्या माहेरचे ते शिसवी कपाट साताऱ्याला तुझ्या भावाकडे अकरा वर्षे का पडून आहे?

पत्नी : त्याचा इथे काय संबंध?

पती : गाडी नव्हती म्हणून राहिले. हाच संबंध.

पत्नी : गाडी नव्हती म्हणून नव्हे, जागा नाही असे आपण सांगितलेत म्हणून. आपला व्यायामाचा घोडा मात्र त्याच भिंतीला उभा राहिला, आणि आज त्याच्यावर टॉवेल वाळतात.

पती : तो घोडा मी प्रकृतीसाठी—

पत्नी : घोडा झाला, आता हत्ती. माझ्या आईचे कपाट तेवढे आपल्या पागेत मावत नाही.

पती : मावेल. हौदा साडेसहा फूट आहे.

पत्नी : मी हौद्याचे विचारीत नाही, घराचे विचारते.

पती : ...कपाट किती फुटांचे आहे?

पत्नी : अकरा वर्षांत मोजलेय कोणी?