साडेचार तास मागे

तहसील कार्यालयाच्या खिडकीबाहेर मी आयुष्यात बराच वेळ काढला आहे. खिडकीच्या आत बसायची पाळी आली २०२० च्या जूनमध्ये, तीही घरच्या जेवणाच्या टेबलावर.

चिरंजीव आठवीत. शाळा लॅपटॉपवर भरू लागली तशी ही म्हणाली, "पॅरेंटल कंट्रोल लाव. सगळे लावतायत." लावलं. मुलाचं वेगळं खातं काढलं. रात्री नऊला लॅपटॉप बंद. वेबसाइट उघडणार त्या फक्त मी मंजूर केलेल्या. नवी काही हवी असेल तर त्याने बटण दाबायचं, विनंती माझ्या फोनवर येणार, मी ती मंजूर करायची. वाचताना फार भारदस्त वाटलं होतं.

पहिल्याच दिवशी सव्वीस अर्ज. विज्ञानाच्या बाई व्हिडिओची लिंक पाठवायच्या, गणिताचे सर फॉर्मची, आणि चित्रकलेचे सर तर जगातली एकही वेबसाइट दोनदा वापरत नसावेत. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये, आणि आतून हाक, "बाबा, अर्ज टाकलाय, बघ ना!"

"प्रक्रियेत आहे," मी म्हणालो आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकलो.

आठवड्याभरात मी 'जेवणानंतर ये' म्हणू लागलो. शाळेच्याच वेबसाइटचा एक अर्ज 'कारण स्पष्ट नाही' म्हणून परत पाठवला. प्रकरण अपिलात गेलं. हिने चहाला आधण ठेवता ठेवता निकाल दिला. माझ्या विरोधात.

जुलैत केंद्राच्या 'प्रज्ञाता' सूचना आल्या: पहिली ते आठवीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांच्या दोनच ऑनलाइन तासिका. मी प्रिंट काढून फ्रीजवर चिकटवली. चिरंजीवांनी ती उभ्याउभ्या वाचली आणि म्हणाले, "ही मर्यादा शिकवण्याला आहे, बाबा. गेमला नाही."

चिडून एकदा राउटरच बंद केला. पण नेट गेलं की क्रोममध्ये एक डायनासोर उगवतो, २०१४ पासून उगवतोय. स्पेसबार दाबला की तो निवडुंगावरून उड्या मारत पळत सुटतो. त्या संध्याकाळी आतून तासभर नुसता टक, टक, टक. आमच्या कार्यालयात अर्जाशिवाय शिरलेला हा एकमेव इसम.

नऊचा नियम मात्र काटेकोर पाळला जात होता. नऊनंतर अर्ज नाही, कुरकुर नाही. "बघ, शिस्त लागली की नाही," असं मी हिला दोनदा ऐकवलंही.

ऑगस्टमधल्या एका रात्री अकराला पाणी प्यायला उठलो, तर आतल्या दाराच्या फटीतून निळा उजेड. आत गेलो. स्क्रीनच्या कोपऱ्यात वेळ होती संध्याकाळचे साडेसहा.

"घड्याळ बदललंस?"

"नाही. त्याला तुझा पासवर्ड लागतो."

"मग?"

"गाव बदललं. त्याला नाही लागत."

खरोखर नाही लागत. गावांच्या यादीत 'चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली' अशी आपली एक ओळ असते. ती सोडून स्वारी लंडनच्या ओळीवर गेली होती. मार्चपासून परदेशची नेहमीची विमानं बंद, सामान्य प्रवाशांना डोंबिवलीची लोकल बंद, आणि आमचा लॅपटॉप रोज रात्री नऊला पाच कमी असताना लंडनला निघत होता. सकाळच्या प्रार्थनेला परत डोंबिवलीत हजर.

"हे तुला शिकवलं कुणी?"

त्याने भूगोलाचं पुस्तक पुढे केलं. आठवीचा पहिलाच धडा, स्थानिक वेळ व प्रमाणवेळ. एका रेखावृत्ताला चार मिनिटं. आपली प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्तावरची, म्हणजे ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. वाचता वाचता मला चूक सापडली आणि तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

"पण हे तर साडेचारच तास मागे दाखवतंय!"

"उन्हाळ्यात ते घड्याळ एक तास पुढे करतात, बाबा. ऑक्टोबरच्या शेवटी पुन्हा मागे घेतात." मग जरा थांबून, "तेव्हा मला साडेपाच मिळतील."

तेव्हा मुलांच्या लॅपटॉपची हिस्टरी तपासत बसलेल्या समस्त पालकांना नम्र विनंती: भूगोल तपासा. खाली, उजव्या कोपऱ्यात असतो.