आभाळात वॉलमन नेमा

आपल्याकडे नवी वस्तू आणायला मंत्री लागतो आणि आणलेली वस्तू चालू ठेवायला वायरमन. पहिल्याचा फोटो पेपरात येतो, दुसऱ्याच्या नावाने तक्रार येते. हा नियम ग्रामपंचायतीच्या हातपंपापासून थेट 36 हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहापर्यंत सारखाच लागू आहे. समता म्हणतात ती हीच.

विषय ‘नाविक’चा, म्हणजे आपल्या स्वतःच्या जीपीएसचा आहे. अमेरिकेच्या जीपीएसवर किती दिवस विसंबायचे, हा प्रश्न कारगिलनंतर ऐरणीवर आला आणि 2006 मध्ये सरकारने स्वतःच्या सात उपग्रहांना मंजुरी दिली. रक्कम 1,420 कोटी. आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. पहिला उपग्रह जुलै 2013 मध्ये गेला, सातवा 28 एप्रिल 2016 रोजी. त्याच दिवशी पंतप्रधानांनी ‘नाविक’ हे नाव जाहीर केले. बारसे थाटात झाले. त्याच वर्षी पहिल्या उपग्रहातली तिन्ही घड्याळे बंद पडली.

घड्याळ बंद पडले तर एवढे काय बिघडले, असे संभाजीनगरजवळच्या करमाडच्या माणसाला वाटू शकेल. जालना रोडवरच्या फाट्यावर उभे राहणाऱ्याला ठाऊक असते की एसटी येते तेव्हाच तिची वेळ होते. पण उपग्रहाला दुसरा धंदाच नाही. ‘आत्ता इतके वाजले’ एवढेच तो वरून सांगत राहतो आणि ते सांगणे खाली पोचायला किती वेळ लागला, त्यावरून मोबाइल अंतर काढतो. घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकले, तर अंतर 300 मीटरने चुकते. करमाडच्या शिवारात 300 मीटर म्हणजे आपला गट सोडून तिसऱ्याच्याच कपाशीत. इथे वीतभर बांध कोरला म्हणून दोन पिढ्या तारखा करतात. एवढ्या फरकाला तर स्वतंत्र न्यायालयच लागेल.

आणि शेतकऱ्याचा उपग्रहाशी संबंध काय, असे आता म्हणता येत नाही. 2021 पासून ई-पीक पाहणी आली. शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा, तो अक्षांश-रेखांशासह वर जातो, मग सातबाऱ्यावर पीक चढते. पावसाळी दिवस, लाडसावंगीच्या रस्त्याला एक शेत, त्यात काका आणि मोबाइलवाला पुतण्या अशी जोडी डोळ्यांपुढे आणा.

“काका, ह्यो म्हणतोय तुम्ही गटाच्या बाहेर हायेत.”

“मी बाहेर? आरं, माझ्या बापाला ह्याच बांधावर अग्नी दिलाय.”

“ते त्याला कळत न्हाई. थोडं लिंबाकडं सरका.”

काका लिंबाकडे सरकतात. मोबाइल म्हणतो, अजून बाहेरच.

“गट सरकला का मी सरकलो, एवढं इचार की त्याला.”

“वरून रेंज मिळंना, काका.”

काका कपाळावर आडवा हात धरून आभाळाकडे बघतात. “वर आपलं कुणी हाय का न्हाई?”

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर जुलै 2025 मध्ये लोकसभेत मिळाले. आजवर 11 उपग्रह सोडले. दोन ठरल्या कक्षेत पोचले नाहीत. एक निवृत्त झाला. चार फक्त एकतर्फी संदेश देण्यापुरते उरले, म्हणजे त्यांची रवानगी मार्गदर्शक मंडळात झाली. जागा सांगण्याचे खरे काम करणारे राहिले चार. जागा काढायला उपग्रह कमीत कमी चारच लागतात, त्यामुळे हिशेब तंतोतंत जुळला. रजा, आजारपण आणि म्हातारपण यांची तरतूद तेवढी राहून गेली. या चौघांपैकी 1बी एप्रिल 2014 चा आणि 1एफ मार्च 2016 चा. आयुष्य दहा वर्षांचे आखलेले. बेरीज ज्याची त्याने करावी.

न पोचलेल्या दोघांची गोष्ट तर दिव्याखालच्या अंधाराची. ऑगस्ट 2017 मध्ये बंद घड्याळवाल्याच्या बदली 1एच पाठवला, तर रॉकेटच्या डोक्यावरचे उष्णतारोधक कव्हरच निघाले नाही. उपग्रह आत कोंडून राहिला. 29 जानेवारी 2025 रोजी नव्या पिढीतला एनव्हीएस-02 गेला. श्रीहरिकोट्याचे ते शंभरावे उड्डाण होते, साहजिकच टाळ्या दणक्यात झाल्या. रॉकेटने आपले काम चोख केले. पुढे उपग्रहाने स्वतःचे इंजिन पेटवून वर चढायचे होते, तेव्हा इंजिनाला ऑक्सिडायझर, म्हणजे इंधन जाळायला लागणारे द्रव्य, सोडणारे वॉल उघडले नाहीत.

वॉल उघडला नाही! हे वाक्य संभाजीनगरकराला फोड करून सांगावे लागत नाही. नळाला आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी पाणी येणाऱ्या शहरात लहान पोरालाही कळते की धरण भरले, पाइप टाकला, मोटर बसवली, तरी शेवटी सगळे वॉलवर असते. आता तो सुरुवातीचा आकडा काढा. पैठणच्या जायकवाडी धरणातून शहरात पाणी आणण्याची योजना 2019 मध्ये 1,680 कोटींना मंजूर झाली आणि पुढे 2,740 कोटींवर गेली. सात उपग्रहांची अख्खी मालिका 1,420 कोटींत मंजूर झाली होती. म्हणजे जायकवाडीच्या पाण्यापेक्षा आभाळात घड्याळे टांगणे स्वस्त. ही तफावत पाहता आमची सूचना आहे की अंतराळात महापालिकेचा एक अनुभवी वॉलमन प्रतिनियुक्तीवर पाठवावा. तो फोन उचलणार नाही. पण कुठला वॉल कुठे गाडला आहे आणि तो कितव्या हातोड्याला उघडतो, हे जगात फक्त त्यालाच माहीत असते.

शास्त्रज्ञांच्या नावाने खडे फोडायचे कारण नाही. परदेशी घड्याळे दगा देतात म्हटल्यावर अहमदाबादच्या केंद्राने रुबिडियमचे घड्याळ घरीच बनवले आणि मे 2023 मध्ये एनव्हीएस-01 बरोबर ते वर गेले. जुने उपग्रह ज्या लहरींवर बोलायचे, त्या आपले बहुतेक मोबाइल ऐकतच नव्हते. नव्यांना एल-1 ही सगळ्यांच्या ओळखीची लहर दिली. आयुष्य दहाचे बारा वर्षे केले. घड्याळे काही एकट्या भारताचीच बंद पडली नाहीत. 2017 च्या सुरुवातीला युरोपच्या गॅलिलिओतली नऊ घड्याळे थांबल्याचे जाहीर झाले आणि त्यांतली रुबिडियमची घड्याळे आपल्याच स्विस पुरवठादाराची होती. फरक एवढाच की त्यांच्या प्रत्येक उपग्रहात चार घड्याळे होती, आणि नवे उपग्रह पाठवण्याचे काम थांबले नव्हते. अमेरिकेचे काम 24 उपग्रहांत भागते, तरी ती तिसाच्या वर फिरते ठेवते. त्याला उधळपट्टी म्हणत नाहीत, देखभाल म्हणतात.

आपल्याकडे मात्र एनव्हीएस-03 हा 2025 अखेर जाईल आणि पुढचे दोन सहा-सहा महिन्यांनी जातील, असे त्याच लोकसभेत सांगितले गेले. 2025 संपले, एनव्हीएस-03 गेला नव्हता. दरम्यान भाषणांतला ‘नाविक’ अखंड चालू होता. त्याला घड्याळही लागत नाही, वॉलही लागत नाही.

तेव्हा करमाडकरांनो, पुढच्या निवडणुकीत कुणी फाट्यावर सभा घेऊन ‘आम्ही इतके उपग्रह सोडले’ असे सांगू लागला, तर टाळ्या जरूर वाजवा. आकडा खरा असतो. टाळ्या थांबल्या की उभे राहून एवढेच विचारा: साहेब, त्यातले चालू किती? आणि हाच प्रश्न लगे हाथ गावच्या हातपंपाबद्दलही विचारून घ्या.