सरकारमान्य वय

आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी निम्म्या गावाची जन्मतारीख १ जून लावून टाकली, म्हणून आपण अजून हसतो. सोव्हिएत संघात आणि पुढे रशियात हाच प्रयोग आख्ख्या शहरांवर झाला, आणि वर पदकंही वाटली गेली.

लेनिनग्राडचंच घ्या. पीटर द ग्रेटने ते वसवलं १७०३ साली. त्यात अडीचशे मिळवले की चौथीतलं पोरही १९५३ सांगेल. पण त्या मार्चमध्ये स्टालिन वारले. सुतकात कसला वाढदिवस? शहर शहाणं, चार वर्षं मुकाट्याने अडीचशेवर थांबून राहिलं. १९५७च्या मे महिन्यात पदक जाहीर झालं, जूनमध्ये सोहळा. बत्तीस मिलिमीटरचं पितळी पदक. त्यावर चित्र फिनलंड स्टेशनपुढच्या लेनिनच्या पुतळ्याचं! पीटर पडला झार, त्याला कोण विचारतो? सत्कारमूर्ती मांडवाबाहेर आणि हार भलत्याच्याच गळ्यात, ही काही आपल्याच नगरपालिकांची मक्तेदारी नव्हे.

त्याआधी १९४७ साली मॉस्कोला आठशे वर्षं झाली. कशावरून? तर ११४७ साली युरी दोल्गोरुकी या संस्थानिकाने आपल्या मित्राला मॉस्कोत मेजवानीला बोलावलं, अशी बखरीत नोंद आहे. म्हणजे गाव होतं, चुली पेटत होत्या, पाहुण्याला वाढण्याइतपत धान्य कोठारात होतं. पण कागदावर आलं ते आमंत्रण, तेव्हा तोच जन्मदाखला. पदकावर अर्थातच यजमानांची छबी. ते मिळालं सतरा लाखांहून जास्त लोकांना. शहरात पाच वर्षं काढून कामधंदा केलेला असला, की छाती पुढे करायला हरकत नव्हती.

कीव्हला १९८२मध्ये थेट दीड हजार वर्षांचं पदक मिळालं. शहर वसल्याचं साल तिथल्या जुन्या बखरीतही नाही. पण बखरकार विसरला म्हणून सरकारने का अडून बसावं?

सगळ्यांवर कडी केली ती कझानने. १९७७ साली आठशेवा वाढदिवस आणि २००५ साली हजारावा! अठ्ठावीस वर्षांत दोनशे वर्षं अंगावर चढली. मधल्या काळात तिथल्या क्रेमलिनच्या, म्हणजे किल्ल्याच्या, उत्खननात दहाव्या शतकातलं शिशाचं नाणं सापडलं, प्रागमध्ये पाडलेलं. हजार वर्षांच्या दाव्याला हा मोठा आधार. कुणा व्यापाऱ्याचा खिसा फाटका निघाला आणि शहर पावणेदोन शतकांनी वडीलधारं झालं. पुतिन यांच्या हुकमाने हजारीचं पदकही निघालं. त्यावर खरं तर त्या खिशाचं चित्र हवं होतं.