पैसे भरून कोळसा

इंग्लंडमध्ये वाफेच्या इंजिनात कोळसा टाकण्याचे पैसे मिळत नाहीत, उलट द्यावे लागतात. जपून ठेवलेल्या बऱ्याच रेल्वेमार्गांवर तशी रीतसर सोय आहे. भरपूर पौंड मोजायचे, डांगरी चढवायची आणि भट्टीपुढे उभे राहून फावडे मारायचे. अशाच एका रेल्वेचे पत्रक वाचताना मला आमचे मामंजी आठवले. ते बार्शी लाइट रेल्वेवर फायरमन होते. कुर्डुवाडी, पंढरपूर, मिरज अशी ड्युटी. पुढे भट्टी, वर सोलापूर जिल्ह्याचे ऊन आणि आषाढीला मागे वारकऱ्यांनी गच्च भरलेली गाडी. या सुखासाठी आपणच कंपनीला पैसे द्यायला हवे होते असे त्यांना कोणी सांगितले असते, तर हातातले फावडे कोळशात न जाता कुठे गेले असते ते मी सांगत नाही.

लेक लीड्सला असते, म्हणून आम्ही इंग्लंडला गेलो. लोक तिकडची तळी बघतात, किल्ले बघतात. आमचे हे इंजिने बघतात. स्वतः ह्यांनी सारी नोकरी मध्य रेल्वेच्या हिशेब खात्यात काढली आणि इंजिनाला कधी बोट लावले नाही. पण रक्त फायरमनचे, असे ह्यांचे म्हणणे.

लंडनहून लीड्सची गाडी किंग्ज क्रॉसवरून सुटते. तिथे सर नायजेल ग्रेस्ली यांचा पुतळा आहे. हे त्याच्यापुढे चप्पल काढायच्या बेतात होते, मी दंड धरून ओढले. या ग्रेस्लीसाहेबांनी ‘मॅलार्ड’ हे इंजिन घडवले. मॅलार्ड म्हणजे हिरव्या डोक्याचे बदक. साहेबांना बदके पाळायचा नाद होता, म्हणून मूळ आराखड्यात पुतळ्याच्या पायाशी एक बदक होते. नातवांना ते आजोबांच्या इभ्रतीला शोभेना. वाद वर्तमानपत्रांत गेला आणि 2016 साली पुतळा बदकाविनाच उभा राहिला. पुतळ्यांवरून भांडायला आपणच समर्थ आहोत असे मी इतके दिवस समजत होते.

खुद्द मॅलार्ड यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. निळेशार, नाकाकडे उतरते, अंगावर कुठे धुळीचा कण नाही. 3 जुलै 1938 रोजी या इंजिनाने लिंकनशरमधल्या स्टोक बँकच्या उतारावर ताशी 126 मैल, म्हणजे सुमारे 203 किलोमीटरचा वेग गाठला आणि वाफेच्या इंजिनांचा जागतिक विक्रम केला. विक्रम करतोय असे कोणाला सांगितले नव्हते. कागदोपत्री ब्रेकची चाचणी होती. ‘ब्रेक तपासायला निघाले आणि दोनशेच्या वर पळवली!’ हे भारावून म्हणाले. रस्त्यावर आपले लोक हेच रोज करतात, फक्त त्याचे संग्रहालय होत नाही.

मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. इंजिनाचे मधले मोठे बेअरिंग तापले तर ड्रायव्हरला कळावे म्हणून त्यात बडीशेपेच्या वासाची कुपी बसवलेली होती. विक्रमाच्या धावेत ती फुटली. ड्रायव्हर जो डडिंग्टन यांना पुढून बडीशेपेचा वास आला, त्यांनी वाफ कमी केली आणि मॅलार्ड कसेबसे पीटरबरोला पोचले. वाफेच्या इंजिनाचा जगातला सर्वांत वेगवान फेरा असा जेवणानंतरच्या वासाने संपला.

त्याच संग्रहालयात जपानची पहिल्या पिढीतली बुलेट ट्रेन आहे. तिच्याजवळ हे दोन मिनिटे थांबले, कारण तिच्यात कोळसा नाही. पुढे एक काळेकभिन्न धूड उभे आहे. लँकाशरच्या व्हल्कन फाउंड्रीने 1935 साली ते चीनसाठी बांधले. पुढे चीनने ते भेट म्हणून परत पाठवले. आपल्या जी.आय.पी. रेल्वेची पहिली इंजिनेही याच कारखान्यातून आली होती. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला चारशे पाहुण्यांना घेऊन गेलेले साहिब, सिंध आणि सुलतान आता कुठेच बघायला मिळत नाहीत. चीनचे इंजिन विलायतेत निवृत्त होऊन आरामात राहते आणि आपल्या सुलतानाचा पत्ता नाही, याचे ह्यांना इतके वाईट वाटले की कॉफी मला एकटीलाच प्यावी लागली.

संग्रहालयातली इंजिने निदान हलत नाहीत, त्यामुळे माणूस वेळेवर घरी येतो. चालू इंजिनांचे तसे नसते. लीड्सजवळ कीथलीपासून ऑक्सनहोपपर्यंत आठ किलोमीटरची एक रेल्वे आहे. सरकारने 1962 साली ती बंद केली. गावकऱ्यांनी संस्था काढली, मार्ग विकत घेतला आणि 1968 साली गाड्या सुरू केल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्रिटिश रेल्वेने वाफेला रामराम ठोकला. ऐन वेळी उलटी गाडी धरायला धाडस लागते. तेव्हापासून तिकिटे फाडणे, सिग्नल पाडणे, इंजिने पुसणे ही कामे मुख्यतः स्वयंसेवकच करतात.

आमच्या गाडीचा फायरमन निवृत्त दंतवैद्य होता. बॉयलर तापायला कित्येक तास लागतात, म्हणून तो पहाटे उठून आला होता. चेहरा काजळीने माखलेला, दात मात्र पांढरेशुभ्र. ह्यांनी त्याला मामंजींविषयी सांगितले. त्याला ते कोणा सेनापतीचे चिरंजीव भेटल्यासारखे वाटले. ‘म्हणजे त्यांना हे रोज करायला मिळायचे?’ त्याने हेव्याने विचारले. रोज मिळायचे, आणि घरी आल्यावर सासूबाई त्यांना परसातच उभे करून दोन बादल्या ओतायच्या, हे मला इंग्रजीत पटकन जमले नाही.

वाटेत ओकवर्थ स्टेशन लागते. ‘द रेल्वे चिल्ड्रन’ या 1970 च्या चित्रपटाचे चित्रीकरण तिथले. त्यातल्या मुली लाल परकर फडकवून गाडी थांबवतात. पुढे हॉवर्थ. तिथे ब्राँटी भगिनींचे घर टेकडीवर आणि इंजिनांची शेड टेकडीखाली. एम.ए.ला ‘वुदरिंग हाइट्स’ असलेल्या बाईने त्या गावात तीन तास शेडमध्ये काढले, एवढीच नोंद करते.

आणि कोळसा? यॉर्कशरची केलिंग्ली ही ब्रिटनमधली शेवटची मोठी भुयारी खाण डिसेंबर 2015 मध्ये बंद झाली. ज्या कोळशावर सारा देश उभा राहिला, तो आता हौसेच्या गाड्यांसाठी परदेशातून येतो.

शेवटचा दिवस लेकीने बाबांसाठी राखून ठेवला होता. कारण बार्शी लाइटची पहिली इंजिने लीड्सच्याच किट्सन कंपनीने बांधली होती. ही रेल्वे 1897 साली सुरू करणारे एव्हरार्ड कॅल्थ्रॉप पुढे पॅराशूट बनवण्याच्या मागे लागले आणि त्याला त्यांनी ‘गार्डियन एंजल’ असे नाव दिले. बार्शी लाइटने प्रवास केलेल्या माणसाला या दोन उद्योगांतला संबंध समजावून सांगावा लागत नाही.

किट्सनने इंजिने बांधणे 1938 सालीच थांबवले. ते कळल्यावर हे जरा हिरमुसले. मग आम्ही लीड्सच्याच मिडलटन रेल्वेवर गेलो. तिला पार्लमेंटची परवानगी 1758 सालची, म्हणजे पानिपतच्या तीन वर्षे आधीची. तिथे लीड्समध्ये बनलेली इंजिने ओळीने मांडून ठेवली आहेत. एका स्वयंसेवकाने ह्यांच्या हातात फडके दिले आणि एक पितळी नळी पुसायला सांगितले. घरात स्वतःचा चष्मा कधी न पुसलेल्या माणसाने ती पाऊण तास घासली. लेकीने फोटो काढून साऱ्या नातेवाइकांना पाठवला.

तुम्ही जाणार असाल तर सांगते. यॉर्कच्या संग्रहालयाला प्रवेशशुल्क नाही आणि कीथलीला लीड्सहून साध्या गाडीने अर्ध्या तासात जाता येते. पांढरे कपडे नेऊ नका, खिडकीतून डोके काढलेत तर डोळ्यांत कण जातील. आणि सोबतचा माणूस रेल्वेचा असेल, तर परतीची तिकिटे तुमच्याच पर्समध्ये ठेवा.